उस्ताद नूर मोहम्मद आणि पार्टी

उस्ताद नूर मोहम्मद म्हणजे मी. मला सनई वाजवता येत नाही. सनई सोडा, तोंडानं साधी शिट्टी येत नाही. चिमूरला बसस्टँडच्या मागं माझं ‘नूर साऊंड सर्व्हिस’ आहे. आठ भोंगे, तीन ॲम्प्लिफायर, दोन टेप आणि ऐन लग्नसराईत दगा देणाऱ्या बॅटऱ्या, एवढा माझा पसारा. लग्न, बारसं, तेरवी, निवडणूक, सगळीकडे माझे भोंगे जातात. लोकांना सुराशी काही देणंघेणं नसतं. पलीकडच्या गावाला ऐकू गेलं की नाही, एवढंच त्यांना पाहायचं असतं. “नूरभाऊ, वाढवा अजून,” म्हणतात. मी वाढवतो. त्यात माझे कान अर्धे गेले.

सनई वाजवायचा तो हरिदास. हरिदास सोमाजी जांभुळकर. नाव पूर्ण लिहितो आहे, कारण जिथं लिहायला हवं होतं तिथं ते लिहिलं गेलं नाही, आणि त्यात माझा हात आहे.

हरिदास आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर. त्याचे वडील सोमाजीबाबा वाजंत्री होते. आमच्या भागात त्यांच्यासारखी सनई कोणाची नव्हती असं जुनी माणसं सांगतात, पण सांगताना नाव घेत नाहीत, ‘तो वाजंत्री’ म्हणतात. मांडवाबाहेर, लोक जोडे काढतात तिथं बसून त्यांनी जन्मभर वाजवलं. सगळ्यांची जेवणं उरकली की मग त्यांच्यापुढे पत्रावळ यायची. छप्पन साली ते चंद्रपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, आणि आठ दिवसांत त्यांच्या मोहल्ल्यानं ठरवलं, आता कोणाच्या दारात वाजवायचं नाही. डफडी उमा नदीत सोडली. मी काठावर उभा राहून पाहत होतो. त्यातली दोन डफडी काही केल्या बुडेनात. सोमाजीबाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि त्यांच्यावर दगड ठेवून आले.

सनई मात्र त्यांच्यानं सोडवली नाही. धोतराच्या फडक्यात गुंडाळून ती त्यांनी आढ्याला खोचली, आणि हरिदासला म्हणाले, “शीक. जीव लावून शीक. पण कोणाच्या दारात वाजवू नोको.”

आता मला सांगा, दारात नाही तर सनई वाजवायची कुठं? आमच्याकडे सनईला दुसरी जागाच नाही. हरिदास बांबूच्या डेपोवर चौकीदार झाला आणि भर दुपारी, डेपोत चिटपाखरू नसताना, थप्प्यांच्या मागं बसून वाजवायला लागला. अशी त्यानं पंचवीस वर्षं काढली. ऐकायला मी एकटा, तोही जेवणाच्या सुट्टीत, डबा घेऊन. मला सूर कळत नाही, पण एक चाल मला दुरूनही ओळखू यायची. ती पाठवणीची चाल होती, सोमाजीबाबांनी स्वतः बांधलेली. लेक निघाली की ते ती वाजवायचे. सूर एकदम वर जायचा, वर थांबायचा आणि मग उतरायला लागायचा तो उतरतच राहायचा, कुठंही न तुटता. या माणसानं श्वास कधी घेतला ते कळायचं नाही. मी डबा तसाच ठेवून बसायचो.

हरिदासनं खटपट कमी केली नाही. रेडिओच्या परीक्षेला दोनदा नागपूरला जाऊन आला. दोन्ही वेळा छापील पत्र आलं. वडशाच्या नाटक कंपन्यांचे उंबरे झिजवले. तिथं म्हणाले, सनई कोण ऐकते आता, ऑर्गन येते का? तो हात हलवत परत यायचा आणि चार दिवस माझ्याशी बोलायचा नाही, जणू मीच त्याला नापास केलं होतं. एकदा मी चिडून म्हटलं, “हरिदास, कशाले जीव जाळून राह्यला? पगार आहे, घर आहे. कोणाले आयकवाचं आहे तुले?”

तो म्हणाला, “मले एकदा तुह्या भोंग्यातून आयकाचं आहे. हरिदास सोमाजी जांभुळकर, सनई. आधी नाव, मंग सनई. माह्या बापाची सनई साऱ्यायनं आयकली, पण नाव कोणी नाई घेतलं. मले तसं मराचं नाई.”



चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मी कॅसेटी आणायला नागपूरला गेलो. तिथं एक शेठजी होता. दोन खोल्यांत त्याची कॅसेट कंपनी, एका खोलीत रेकॉर्डिंग आणि दुसऱ्या खोलीत गठ्ठे. तो म्हणाला, लग्नाच्या सनईची कॅसेट काढायची आहे, मोठे लोक परवडत नाहीत, कोणी आहे का तुमच्या जंगलात? ‘जंगलात’ म्हणाला म्हणून त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण हरिदास आठवला आणि मी मूग गिळले. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन गेलो.

हरिदास नवा पांढरा सदरा घालून आला होता. सूर धरायला आणि ढोलकीला शेठजीनं भाड्याची माणसं बसवली होती. हरिदासनं डोळे मिटले आणि वाजवायला लागला. पहिल्या दोन चाली अशा झाल्या की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला चहा प्यायचा थांबला. तिसरी पाठवणीची. सूर वर गेला, थांबला, उतरायला लागला आणि मध्येच सनईची पत्ती, तोंडात धरून फुंकतात ती, फाटली. सूर तुटला. क्षणभर काहीच नाही. हरिदासनं कसंबसं ओठांनी सावरून खालच्या सुरावरून उचललं आणि चाल पुरी केली. संपल्यावर तो घामानं निथळला होता. म्हणाला, “शेठजी, हे पुन्हा घ्या. हे चुकलं.”

शेठजी म्हणाला, “चलता है. लग्नाच्या गोंधळात कोण ऐकतो? बाहर दूसरी पार्टी खड़ी है.”

हरिदास पुन्हा पुन्हा हात जोडत होता. मलाच लाज वाटली. शेवटी बाहेरच्या पार्टीनं दार ठोठावलं आणि आम्ही उठलो.

पुढच्या खोलीत मुनीम बसला होता. त्यानं विचारलं, “कलाकाराचं नाव?”

ज्या प्रश्नाची पंचवीस वर्षं वाट पाहिली तो प्रश्न आला, आणि हरिदास सनई फडक्यात गुंडाळायला लागला. मी कोपरानं ढोसलं. तो हळूच म्हणाला, “आठ दिवसानं सांगतो. समाजाले विचारा लागन.” मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, डोकं फिरलं का तुझं? तो म्हणाला, “नूर, आमच्या लोकायनं डफडी बुडवली. आता मी लग्नाची सनई वाजवली आन वर नाव छापलं, तं वामनराव गुरुजी काय म्हणतीन? बापानं दगड ठेवला होता त्यायच्यावर. विचारल्याबिगर मी नाव देत नाई.”

मुनीम पेन आपटत होता. पावतीवर कोणाचं तरी नाव लागतं म्हणाला. मी म्हटलं, माझं टाका सध्या. सही केली, ‘नूर मोहम्मद’, आणि आम्ही बस पकडली.

वामनराव गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर, विहार समितीचे अध्यक्ष. कडक माणूस. त्यांच्यासमोर बिडी ओढायची माझीही हिंमत नाही. आठव्या दिवशी हरिदास त्यांच्याकडे गेला, सोबत मला नेलं. त्यानं सगळं सांगितलं, मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, “सोमाजी दारात बसून वाजवे. त्याले नाव नव्हतं, म्हणून ते सोडलं आपण. सनई वाईट म्हणून नाई सोडलं. तू नाव लावून वाजव. पूरं नाव लाव, बापाचं लाव, आडनाव लाव. हे काय मले विचाराची गोठ होती का गा?”

बाहेर आल्यावर हरिदास रस्त्यातच हसायला लागला. तसा हसताना मी त्याला शाळेनंतर पाहिलं नव्हतं. पोस्टातून कार्ड घेतलं आणि माझ्या दुकानात बसून कोरीव अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. चार कार्डं खराब केली, पाचवं टाकलं.

कार्ड पोचलं तेव्हा कॅसेटी बाजारात आल्या होत्या. वरच्या कागदावर गुलाबी मांडवाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरात ‘शाही शहनाई: उस्ताद नूर मोहम्मद आणि पार्टी’.

मी त्याच दिवशी नागपूर गाठलं आणि शेठजीशी भांडलो. तो शांतपणे पान लावत होता. म्हणाला, दुसऱ्या लॉटमध्ये बदलू. दुसरा लॉट आला, तिसरा आला, नाव तेच. पुढच्या खेपेला त्यानं स्पष्टच सांगितलं, “भाई, उस्ताद नूर मोहम्मद बिकता है. तुमचा जांभुळकर कोणाला माहीत?” मग बल्लारपुरात, चंद्रपुरात लोकांनी त्या कॅसेटीवरून चोरून कॅसेटी भरल्या आणि शेठजीच्याही हातात काही राहिलं नाही.

दोन लग्नसराया गेल्या आणि चिमूरपासून सिरोंच्यापर्यंत लग्न म्हटलं की तीच कॅसेट. खऱ्या वाजंत्र्यांना कोणी बोलावेना. माझे भोंगे लिंबावर चढायचे आणि त्यातून हरिदासची सनई वाजायची. बापाला दिलेल्या शब्दाप्रमाणे तो एकाही दारात गेला नाही, आणि त्याची सनई वाजली नाही असं एक दार उरलं नाही. डेपो रस्त्यावरच आहे. वराती त्याच्या समोरून जायच्या. तिसरी चाल लागली की तो आत जाऊन बसायचा. तो तुटलेला सूर त्याला ऐकवत नव्हता.

आणि मी? खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. पहिल्यांदा कोणी ‘उस्ताद’ म्हणून सलाम केला तेव्हा मी सांगितलं, अरे मी नव्हे, हरिदास जांभुळकर. पण सांगताना हसलो. कोणाला खरं वाटू नये असंच ते सांगणं होतं. तो माणूसही हसला. पुढं मी सांगणं सोडलं. धंदा वाढला. जाहिदा, माझी बायको, एकदा म्हणाली, “दुसऱ्याचं नाव घालून फिरता, शरम नाही वाटत?” मी तिच्यावर खेकसलो. खरं बोललेलं लागतं ते असं.

एकदा चिमुरातच लग्न होतं. पाठवणीच्या वेळी तिसरी चाल लागली आणि रस्त्यानं जाणारा हरिदास सरळ मांडवात शिरला. आयुष्यात पहिल्यांदा तो असा बोलावल्याशिवाय कोणाच्या मांडवात आला. माझ्या टेपजवळ येऊन म्हणाला, “बंद कर.”

मी म्हटलं, “हरिदास, लोक पाहून राह्यले.”

त्यानं स्वतःच बटण दाबलं. मुलीचा बाप धावत आला, डोळे पुसत होता. “काऊन बंद केलं जी? ते उस्तादाची तुटनारी जागा आता येऊन राह्यली होती. तिथी तं रडू येते.”

हरिदास त्याच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “तू सांगत काऊन नाई?” एवढंच बोलला. मी टेप लावला. तो गेला, आणि त्यानंतर सहा महिने माझ्या दुकानाकडे फिरकला नाही.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर एका सकाळी दुकान उघडायला गेलो तर शटरवर पिवळं हँडबिल चिकटवलेलं. उमेपलीकडच्या एका गावची मंडई, म्हणजे धान निघाल्यावर भरते ती जत्रा. गावाचं नाव सांगत नाही, माणसं भली होती. दुपारी दंडारीचा खेळ, मिठाईची दुकानं, पाळणे आणि ‘सुप्रसिद्ध सनईनवाज उस्ताद नूर मोहम्मद यांचे सनईवादन व जाहीर सत्कार, हस्ते मा. सरपंच’. मला कोणी विचारलंही नव्हतं. भोंग्याचं काम माझ्याकडे दिलं होतं, म्हणजे उस्ताद येणारच, असा त्यांचा हिशेब.

सायकल काढून डेपोवर गेलो. हरिदास थप्पीला टेकून बसला होता. मी हँडबिल पुढं केलं आणि म्हटलं, “आता तूच वाचव मले.”

त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, “मी वाजवतो. पण आधी तू माइकवर नाव सांगशीन. पूरं.”

“सांगतो.”

“हसून नाई सांगाचं.”

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी मान हलवली.

मंडईच्या दिवशी ऊन कोवळं होतं. धान निघालेल्या बांधीत फळ्यांचं स्टेज केलं होतं आणि समोर तीनचार हजार माणसं बसली होती. वामनराव गुरुजी मोहल्ल्यातली माणसं घेऊन आले होते. रुखमा, हरिदासची बायको, नवं लुगडं नेसून त्यांच्यात बसली होती. हरिदासनं तोच पांढरा सदरा घातला होता. सनईच्या पत्त्या तीन आणल्या होत्या. प्रत्येक उन्हाकडे धरून पाहत होता, तोंडात भिजवत होता. दंडारीचा पेटीवाला सूर धरायला बसला. हरिदास स्टेजच्या मधोमध सतरंजीवर बसला, आणि मला वाटलं, सोमाजीबाबांनी हे पाहायला हवं होतं.

मी माइक घेतला. हसलो नाही. म्हटलं, “मंडळी, मी उस्ताद नाई. मले सनई येत नाई. तुमी घराघरात जे कॅसेट आयकता, ते या माणसानं वाजवली आहे. हरिदास सोमाजी जांभुळकर. चुकून माह्यं नाव पडलं. तो सत्कार याचा आहे.”

माझ्याच आठ भोंग्यांतून ते नाव त्या बांधीवरून पार नदीपर्यंत गेलं. हरिदासनं डोळे मिटले होते. गुरुजींनी टाळी वाजवली, त्यांच्या माणसांनी वाजवली.

सरपंचानं माझ्या हातून माइक घेतला. “पाहा मंडळी, याले म्हणते मोठा माणूस! आपल्या चेल्याले पुढं कराले स्वताचं नाव खोडून राह्यला. असे उस्ताद आता भेटत नाई.” तीन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे पाहून. मी माइक परत मागत होतो, तेवढ्यात कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला.

हरिदासनं डोळे उघडले नाहीत. त्यानं सनई ओठांना लावली आणि पाठवणीची चाल सुरू केली. सूर वर गेला, थांबला, उतरायला लागला. जिथं पत्ती फाटली होती ती जागा आली आणि गेली, सूर अखंड उतरत राहिला, खाली, आणखी खाली, आणि अलगद टेकला. चुकलेलं सगळं त्यानं धुऊन काढलं, असं मला वाटलं.

समोर कुजबूज सुरू झाली होती. पुढच्याच रांगेत त्या गावचा वाजंत्री मुखरू बसला होता, सोबत त्याची डफडीवाली माणसं. चाळिशीचा, गरीब चेहऱ्याचा. तो हात जोडून उभा राहिला. आवाजात तिरकसपणा अजिबात नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

“भाऊ, गोड वाजवता तुमी. पण उस्तादाची जागा चुकली तुमची. वरून उतरताना सूर तुटते, थांबते, मंग खालून उचलते. तेच तं कसब आहे जी. कॅसेटीनं आमचं काम गेलं, मंग आमी कॅसेटच शिकलो. दोन वर्सं त्या एका जाग्यावर घासून राह्यलो.”

आणि त्यानं पिशवीतून आपली सनई काढली आणि उभ्याउभ्या वाजवून दाखवली. वर गेला, उतरला, तोडला, थांबला, खालून उचललं. नागपूरच्या त्या खोलीत पत्ती फाटली तसं, तंतोतंत. लोकांनी ‘वाहवा’ केली. मागून आवाज आले, “तशी होऊ द्या! उस्तादासारखी होऊ द्या एकदा!”

मी माइक हिसकून घेतला. ओरडलो, “बाबाहो, ते कसब नाई! त्या दिवशी पत्ती फाटली होती!”

लोक खदखदून हसले. उस्ताद गमतीचा माणूस आहे, असं त्यांना वाटलं. सरपंचही हसला. मुखरू तेवढा हसला नाही, त्याला मी त्याची थट्टा केली असं वाटलं असावं.

हरिदासनं गर्दीकडे पाहिलं. रुखमा मान खाली घालून पदर पिळत होती. गुरुजी उठून उभे राहिले होते. मग हरिदासनं सनई पुन्हा ओठांना लावली. मला वाटलं, तो पुन्हा बरोबर वाजवेल, हट्टानं वाजवेल. सूर वर गेला, थांबला, उतरायला लागला, आणि त्यानं तो तोडला. मुद्दाम. थांबला. खालून उचललं.

“हां! आता बरोबर!” लोक ओरडले. टाळ्या थांबेनात. आयुष्यात त्याला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या.

शाल आणि नारळ मला दिला. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं. खाली उतरताना मुखरू माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “उस्ताद, चेला चांगला तयार केला तुमी. फक्त जागा आठवून द्या लागते.”

परत येताना जीपमध्ये भोंग्यांच्या मध्ये आम्ही दोघं बसलो होतो. मी शाल त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती घडी करून माझ्या मांडीवर परत ठेवली. म्हणाला, “असू दे. नाव आयकलं मी.” मी म्हटलं, “हरिदास, माफ कर.” तो बाहेर पाहत होता.

दोन महिने मी डेपोकडे जायचं टाळलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी संक्रांतीला जाहिदानं तिळाचे लाडू बांधून दिले आणि जवळजवळ ढकलूनच पाठवलं. दुपार होती. थप्प्यांच्या मागून सनई येत होती, तीच पाठवणीची. मला हायसं वाटलं. वाजवतो आहे म्हणजे जिवंत आहे, म्हटलं. फाटकाशी उभा राहून ऐकू लागलो. सूर वर गेला, थांबला, उतरायला लागला आणि तुटला.

मी पुढं जाऊन म्हटलं, “हरिदास, इथी कोण आहे बे आयकाले? आता काऊन तोडतं?”

त्यानं सनई मांडीवर ठेवली. चेहरा असा की बरेच दिवस झोपला नसावा. “तोडत नाई मी,” तो म्हणाला. “आता तशीच येते. पंधरा दिवस झाले, बसतो आन आठवून पाहतो. तिथी आलं की तुटतेच. बाबाची कशी होती, ते गेलं माह्या हातून.” मग एकदम माझा हात धरून म्हणाला, “नूर, तू आयकली आहे ना पंचवीस वर्सं? तिथून खाली कशी जात होती, सांग ना. गुणगुणून दाखव. जशी येईन तशी दाखव.”

मी तोंड उघडलं. चाल मला ऐकू येत होती, आत, अगदी स्पष्ट. पण तोंडातून नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तो माझ्या ओठांकडे पाहत होता.

मंडईत ती चाल त्यानं शेवटची बरोबर वाजवली, तेव्हा माझा टेप माझ्या पुढ्यातच होता. कोरी कॅसेट त्यात घातलेली होती. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचं होतं फक्त. मी गळ्यात हार घालून उभा होतो.